दोन मोटारी आणि पाळीची बॅटरी

त्या दिवशी चिखलीचा बाजार होता आणि बॅटरीची पाळी किसनभाऊची होती. सकाळीच मी माझ्या मोटारीतून बॅटरी काढली, तिच्या टोकांवर चढलेला पांढरा क्षार कोमट पाण्यानं धुतला, वर ग्रीस चोपडलं आणि अडतीच्या ओट्यावर गोणपाट अंथरून ती ठेवून दिली. किसनभाऊच्या मळ्यातली बैलगाडी यायची, वांग्यांच्या टोपल्या बाजारात उतरायच्या आणि परत जाताना ती बॅटरी घेऊन जायची, असा आमचा लढाईच्या दिवसांपासूनचा शिरस्ता. त्या दिवशी गाडी आली ती उशिरा, आणि रिकामी. सुपडा गाडीवान खाली उतरला, पण बॅटरीकडे वळला नाही. मी आपला माझ्याच नादात. म्हटलं, "आज उशीर काऊन केला रे? चढव ते लवकर. नाही त तुहा मालक म्हनन, शेठनं मायी पाळी खाल्ली." सुपडानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. "मालक गेले, शेठ," तो म्हणाला. "सकाळी विहिरीवर गेलते... तथीच बसले, अन् बसलेच."

मी त्याच गाडीत बसून मळ्यावर गेलो. बॅटरी ओट्यावरच राहिली. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. किसनभाऊवर लिहायचं तर लोक म्हणतील, त्याच्या शेतीवर लिहा, त्यानं गावच्या शाळेला दिलेल्या जागेवर लिहा. ते लिहिणारे इतर पुष्कळ आहेत. मी त्याच्याशी अर्धं आयुष्य एकाच विषयावर भांडलो, तेव्हा मी त्या भांडणावरच लिहिणार. प्रश्न असा होता की त्याची मोटार चांगली की माझी.

किसनभाऊचा मळा चिखलीहून मेहकरच्या रस्त्याला तीनेक कोसांवर. काळी जमीन, भरपूर पाण्याची विहीर, वांगी-मिरची-कांदा हे बारा महिने. माणूस सहा फुटी, आवाज असा की मळ्यात हाक मारली तर शिवेवरचा गडी 'ओ' देई. त्याची मोटार त्याला शोभणारीच होती. अमेरिकन, उंच चाकांची, कापडी टपाची, नाक भलं मोठं. कोण एक साहेब बदली होऊन जाताना ती मागं सोडून गेला होता. त्याच वर्षी मीही एक विलायती मोटार घेतली. माझी बंद काचांची, बुटकी, आत चार माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी. आमच्या भागातले लोक नावं ठेवण्यात कधी उशीर करत नाहीत. पहिल्या आठवड्यातच त्याच्या मोटारीचं नाव म्हैस पडलं आणि माझ्या मोटारीचं शेळी.

नावं ठेवणाऱ्यांनी अन्याय केला असं मात्र म्हणता येणार नाही. म्हैस पेट्रोल प्यायला लागली की घटाघटा प्यायची, शेळीचं थोडक्यात भागायचं. पावसाळ्यात मळ्याच्या वाटेवर काळी माती मेणासारखी चिकटायची तेव्हा म्हैस गुडघाभर चिखलातून हुंकार देत बाहेर यायची, आणि शेळीचं पोट जमिनीला टेकलं की तिथंच बसायची. मग किसनभाऊ मुद्दाम स्वतः बैलजोडी घेऊन यायचा, जू माझ्या मोटारीच्या पुढच्या दांडीला बांधायचा आणि बैलांना मोठ्यानं सांगायचा, "हळू रे राजा, लेकरू हाय ते." उन्हाळ्यात मात्र माझी पाळी यायची. म्हशीच्या टपातून धूळ अशी आत यायची की मेहकरला पोचेपर्यंत आतली सगळी माणसं एकाच रंगाची होत. माझ्या शेळीतून उतरणाऱ्याचं धोतर कडक परीटघडीचं राही. ब्रेकच्या बाबतीत दोघीही सारख्याच अविश्वासू होत्या. म्हैस थांबायची नाही आणि शेळी थांबावं की नाही याचा आधी विचार करायची. निगा राखायची तर त्याच्या मोटारीचं काहीही बिघडलं तरी गावचा लोहार ठोकून देई. माझ्या मोटारीचं बिघडलं की बारीक पाने लागत, बारीक बोटं लागत आणि माझ्यापाशी नसलेला धीर लागे. आणखी गंमत म्हणजे त्याचा एकही पाना माझ्या एकाही नटाला बसत नसे, आणि माझा त्याच्या नटाला. "देश येगळे, धरम येगळे," किसनभाऊ म्हणायचा, "यायचं जमनार नाही, शेठ." तो मला शेठ म्हणायचा तो चिडवायला. माझी धान्याची अडत होती एवढंच, बाकी शेठपणा काही नव्हता.

पण सगळ्यांत मोठं भांडण हँडलाचं. दोघींनाही पुढं हँडल घालून फिरवल्याशिवाय जाग येत नसे. जो हँडल मारील त्याची हँडलं दुसऱ्यानं मोजायची, असा आमचा नियम. थंडीच्या सकाळी कोणाची मोटार कमी हँडलात सुरू होते यावर सारा मान-अपमान टांगलेला. आता अडतीत धान्य मोजताना आमचे मापारी पहिलं माप टाकताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात आणि मग दोन, तीन असं पुढं जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. किसनभाऊ माझ्याच अडतीत ज्वारी मोजताना उभा असायचा. एका सकाळी त्यानं म्हशीला हँडल मारलं, ती पहिल्याच फेऱ्यात सुरू झाली, आणि मी प्रामाणिकपणे म्हणालो, "एक."

"एक कसा काय?" तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "तुया अडतीत मायी जवारी मोजतात तवा पयलं माप काय म्हून टाकतात?"

"लाभ."

"एक म्हनते काय कोनी?"

"नाही म्हनत."

"मंग पयलं हँडल झालं लाभ. आता सांग, किती हँडलं झाले?"

उत्तराची वाट न पाहता तो म्हणाला, "एकही नाही. मायी म्हैस बिना हँडलाची सुरू होते."

त्यानंतर त्यानं हे सगळ्या तालुक्यात सांगितलं. मी म्हटलं, बरं, मग माझ्या शेळीलाही लाभ म्हण. तर म्हणे, "ते विलायती हाय. इंग्रजाले लाभ काऊन म्हनाव? त्यानं तो आधीच नेला." आणि माझ्या शेळीची हँडलं तो एकपासून, रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात मोजायचा. मीही हट्टाला पेटलो. पुढं कितीही वर्षं गेली तरी त्याच्या पहिल्या हँडलाला मी 'एक'च म्हणालो. तो 'लाभ' म्हणून ओरडायचा, मी 'एक' म्हणून. मथुरावहिनी, म्हणजे त्याची बायको, ओसरीवरून म्हणायच्या, "मोटार कवाची सुरू झाली, आता तुम्ही बंद व्हा."

मथुरावहिनीवरून आठवलं. एकदा माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते. ते मलकापूरला रेल्वेनं उतरणार. शेळीत एवढी माणसं मावेनात, म्हणून म्हैस न्यायची ठरली. निघायच्या आदल्या दिवशी म्हशीच्या रेडिएटरला, म्हणजे पुढच्या पाण्याच्या टाकीला, गळती लागली. डाग द्यायला लोहार गावात नव्हता. तेव्हा वहिनींनी सहज म्हटलं की नव्या मडक्याला पाझर असला तर आम्ही पिठाचं पाणी फिरवतो. किसनभाऊला तेवढं पुरे झालं. त्यानं ज्वारीचं मूठभर पीठ टाकीत टाकलं, आणि गळती खरंच थांबली. मूठभरानं एवढं, तर शेरभरानं किती, असा हिशेब करून त्यानं आणखी पीठ ओतलं... मलकापूरला जाताना राजूरचा घाट उताराचा, त्यामुळं काही कळलं नाही. येताना पाहुणे भरले, घाट चढायला लागलो, आणि अर्ध्या घाटात म्हशीच्या पोटात आंबील शिजली. झाकण उडालं. गरम घट्ट आंबील बॉनेटवरून, काचेवरून, टपाच्या कडेवरून थेट मागं बसलेल्या म्हाताऱ्या पाहुण्यांच्या फेट्यावर. मी जमिनीत गडप व्हायच्या बेतात. म्हातारे गृहस्थ खाली उतरले, फेट्यावरचा शिंतोडा बोटानं निपटला, त्याकडे निरखून पाहिलं आणि किसनभाऊला गंभीरपणे विचारलं, "पाटील, ताक टाकाचं राह्यलं काय?" किसनभाऊ तिथंच रस्त्याच्या कडेला बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग म्हातारे हसले, मग आम्ही सगळेच. लग्न त्या घाटातच ठरलं म्हणायला हरकत नाही. माझी बहीण सासरी सुखात आहे, आणि तिच्याकडं आजही आंबील झाली की किसनभाऊचं नाव निघतं.

मग लढाई आली. पेट्रोल कुपनावर गेलं, टायर मिळेनात, आणि बॅटरी तर डोळ्यांनी दिसेना. आमच्या दोघांच्याही बॅटऱ्या एकाच हिवाळ्यात बसल्या. बॅटरीशिवाय हँडल मारणं म्हणजे रिकाम्या घराची कडी वाजवणं. शेवटी दोन्ही बॅटऱ्या बैलगाडीत घालून आम्ही खामगावला एका मिस्त्रीकडं नेल्या. आमच्या त्या बॅटऱ्यांत प्रत्येकी तीन घरं, म्हणजे सेल, असत. मिस्त्रीनं सगळी घरं तपासली आणि म्हणाला की याची दोन चांगली आहेत, त्याचं एक चांगलं आहे, तिन्ही जोडून एक बॅटरी होईल, दोन होणार नाहीत. म्हणजे किसनभाऊची दोन घरं आणि माझं एक. मी तोंड उघडायच्या आत मनात म्हटलं, झालं, बॅटरी याची.

किसनभाऊनं ती जोडलेली बॅटरी उचलून गाडीत ठेवली आणि म्हणाला, "पाळी लावू. या बाजारापासून त्या बाजारापर्यंत तुयी, मंग मायी."

"पन तुयी दोन घरं हायत," मी म्हटलं.

"आमच्या विहिरीवर आमी तिघं चुलतभाऊ मोट हाकतो. कोनाचा झरा कोनत्या कोपऱ्यातून येते हे आजवर कोनी मोजलं नाही. पाळी मोजतो फकस्त." त्यानं बैलांच्या पाठीवर हात ठेवला. "चाल, बस आता."

त्याच्या विहिरीवर खरोखरच कधी भांडण झालं नव्हतं. तिघा भावांच्या बांधांवरून कोर्टकचेऱ्या झाल्या, पण पाळी कधी चुकली नाही. एखाद्याच्या घरी सुतक असलं तर दुसरा त्याच्या वाफ्यात पाणी सोडून येई. मी या गोष्टीकडं कधी लक्षच दिलं नव्हतं. बॅटरीमुळं मीही त्या विहिरीवरचा चौथा भाऊ झालो म्हणायचा.

आता एका वेळी एकच मोटार जिवंत. शर्यत लावायची कशी? तुलना करायची तर दोघांनी एकाच मोटारीत बसणं आलं. जिची पाळी तिच्यातून आम्ही दोघंही जायचो, बुलढाण्याला कचेरीच्या कामाला, मेहकरला लग्नांना, धामणगाव बढ्याला बैल पाहायला. शेळीत किसनभाऊ बसला की त्याचे गुडघे त्याच्या हनुवटीला लागत. तो सारखा पुढच्या काचेवर डोकं आपटून म्हणे, "हे मोटार हाय का टोपी? घालाची का बसाची?" म्हशीत मी बसलो की उपरण्यानं नाक-तोंड बांधायचो आणि त्याला ऐकू जाईल असं खोकायचो. एकमेकांच्या मोटारीतले दोष आम्हाला आता इतके जवळून कळले की पूर्वीची भांडणं अगदीच पोरकट वाटू लागली. आता भांडण पुराव्यानिशी होई. पण एकदा राजूरचा घाट शेळी एकदाही न तापता चढून गेली. वर पोचल्यावर किसनभाऊ उतरला, मी पाहत नाही असं समजून तिच्या बॉनेटवर त्यानं हात फिरवला, बैलाला फिरवतात तसा, आणि हळूच म्हणाला, "शाबास." मी ते ऐकलं हे त्याला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं साफ नाकारलं असतं.

बॅटरीत घालायला स्वच्छ पाणी लागतं. विहिरीचं चालत नाही, त्यात क्षार असतो. मिस्त्रीनं पावसाचं पाणी सांगितलं होतं. ते काम वहिनींनी घेतलं. सुरुवातीच्या सरींत धूळ असते म्हणून त्या सोडून द्यायच्या आणि पुढं आकाश धुऊन निघालं की उघड्यावर धुतलेलं धोतर ताणून, खाली लोणच्याची चिनी मातीची बरणी ठेवायची. ती बरणी बॅटरीबरोबर यायची आणि बॅटरीबरोबर जायची. माझ्या घरी बरणी आली की माझी बायको आधी तिचा वास घ्यायची, न जाणो लोणचं असेल म्हणून. वहिनींना हे कळलं तेव्हापासून त्या दुसऱ्या बरणीत लोणचं पाठवू लागल्या.

लढाई संपली. यथावकाश खामगावला नव्या बॅटऱ्या दिसू लागल्या. एकदा आम्ही दोघं त्या दुकानावरून गेलो. मी थांबलो, तोही थांबला. "घ्याची काय?" मी विचारलं. "तुले घ्याची असन त घे," तो म्हणाला. मी म्हटलं, "मले काय घाई हाय?" आम्ही पुढं गेलो. नंतर त्या जोडलेल्या बॅटरीच्या प्लेटा एकदा बदलून घेतल्या, पण दुसरी बॅटरी काही आणली नाही. नड संपली होती, पाळी संपवावी असं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही. हे आम्ही बोललो मात्र कधीच नाही.

आणि मग तो बाजाराचा दिवस... तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा मुलगा भास्कर, नागपूरला सरकारी कचेरीत नोकरीला असतो, तो माझ्याजवळ येऊन बसला. पोरगा गुणी आहे, बापासारखाच उंच. म्हणाला, "काका, बॅटरी आता तुमच्याकडंच राहू द्या. गाडी अकोल्याला एकजण मागतो आहे. मी नागपूरला, आईला चालवता येत नाही. उभी राहून गंजेल." त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. मी मान हलवली. घरी आलो आणि घरालगतच्या अडतीच्या ओट्यावरच्या बॅटरीकडं पाहत बसलो. आता ती सगळी माझी. तीनही घरं माझी. शेळी दारात उभी होती, पण ती बॅटरी उचलून तिच्यात बसवायला माझे हात तयार होईनात. ती कायमची माझ्या मोटारीत बसली की पाळी मोडली, आणि आमच्या दोघांत जे काही उरलं होतं ते त्या पाळीतच होतं. बायको म्हणाली, "अहो, मोटार बाहेर काढा, भाजी आणायची आहे." मी पायी जाऊन भाजी आणली. पुढच्या बाजारीही पायीच. दोस्त गेला याचं दुःख मला पायांतच जास्त जाणवत होतं, असं आता हसून लिहितो, पण तेव्हा हसू येत नव्हतं.

त्याच्या पुढच्या बाजाराला सुपडाची बैलगाडी अडतीसमोर येऊन उभी राहिली. टोपल्यांत वांगी होती. टोपल्यांच्या मधोमध चिंध्यांत गुंडाळलेली ती चिनी मातीची बरणी. सुपडा म्हणाला, "मालकीनबाईनं सांगतलं, आमची पाळी हाय. बॅटरी द्या."

मी बॅटरी चढवली, बरणी मांडीवर घेतली आणि गाडीत बसलो. मळ्यावर पोचलो तर गोठ्याशेजारच्या छपरीत म्हैस उभी. तिच्यावरची ताडपत्री कोणीतरी काढून ठेवली होती, चाकांना पाणी मारलं होतं. वहिनी ओसरीवर खांबाला टेकून बसल्या होत्या. पदर नीट केला आणि म्हणाल्या, "भास्कर म्हनते ते खरं हाय, भाऊजी. द्याची असन त देऊ, मंग पाहू. पन ते गेल्यापासून घर लय मुकं झालं. चालवू नका. नुसती सुरू करा. मले आवाज आयकाचा हाय."

मी बॅटरी बसवली. बरणीतलं पाणी तिन्ही घरांत थोडं थोडं घातलं. आतली दोन तारांची टोकं आवळायला पाना हवा होता, तर सवयीनं माझाच खिशात. तो बसेना. देश येगळे, धरम येगळे. सुपडानं आतून किसनभाऊचा पाना आणून दिला. मग मी पुढं गेलो, हँडल घातलं, आणि माझ्या लक्षात आलं की या मोटारीचं हँडल मी आजवर कधीच मारलं नव्हतं. मी फक्त मोजत आलो होतो. आता मारणार मी, आणि मोजणारा कोणी नाही. गडी, गोठ्यातल्या गाई, ओसरीवरच्या वहिनी, सगळे माझ्याकडं पाहत होते. मी पाय रोवले, दम भरला, हँडल वर खेचलं, आणि ज्याच्यावरून मी त्या माणसाशी अर्धं आयुष्य भांडलो तो शब्द माझ्याच तोंडून मोठ्यानं बाहेर पडला.

"लाभ!"

म्हैस एकदा खाकरली, हलली, आणि सुरू झाली. छपरीचे पत्रे थरथरले, गोठ्यातल्या दोन गाई ताडकन उभ्या राहिल्या, कोंबड्या पळाल्या. मी तिथंच बॉनेटवर हात ठेवून उभा होतो. आवाजावरून आवाज चढवून ओसरीवरून वहिनींनी विचारलं, "भाऊजी, किती झाले?"

"एकही नाही, वहिनी," मी ओरडून सांगितलं.

वहिनी पदरानं डोळे पुसत हसल्या. "मंग तेच त म्हनत होते ते," त्या म्हणाल्या.